मावशीच्या नावावरचे नंबर

हिवाळ्यात रिठदच्या शिवारात धुकं उतरतं तेव्हा मेथीचे वाफे दिसत नाहीत. वाफ्यांत वाकलेल्या बायकांचं बोलणं तेवढं ऐकू येतं, आणि कोण कुठे आहे ते आवाजावरून ठरवावं लागतं. त्या सकाळी मी चहाची किटली घेऊन बांधावर उभी होते आणि मावशी डावीकडून कुठून तरी बोलत होती. ही माझ्या आईची धाकटी बहीण. तिचं आयुष्य भाजीत गेलं. मेथी, पालक, भेंडी, वांगी, आणि सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. जुड्या बांधून झाल्या की मावसा त्या वाशीमच्या बाजारात नेतो. केनवडच्या आठवडी बाजारात मावशी स्वतः बसते.

धुक्यात आधी मोटारसायकलचा दिवा दिसला, मग तिच्यावरचा माणूस. ठाण्यातला जमादार होता. गाडी बांधाला लावून त्याने खिशातला कागद काढला आणि एक पूर्ण नाव सलग वाचलं.

"मीच हाओ," मावशीचा आवाज आला. मग ती स्वतः दिसली. हातात विळा आणि मेथीची अर्धी जुडी.

"बाई, तुमच्या नावच्या नंबरवरून एका रिटायर मास्तरले फसवलं. दुसऱ्या राज्यात. लाइट बिल थकलं मनून फोन केला अन् त्यायचं खातं साफ केलं. तिकडचं ठाणं तुमचा पत्ता इचारून राह्यलं."

"कोन्त्या नंबरवरून?"

त्याने आकडे वाचले.

"हा आमचा नाईच."

"कागदावर तं तुमचाच हाये."

मोटारपंपाजवळून मावसा म्हणाला, "वा! मास्तरले फोन लावाले बॅलन्स हाये, अन् मले मनते रिचार्ज संपला."

जमादाराने सांगितलं की वाशीमला सायबर शाखेत येऊन जबाब द्या. जबाब पटला तर फसवल्या गेलेल्या म्हणून तुमची वेगळी फिर्याद होईल. नाही पटला तर तिकडच्या ठाण्याची माणसं येतील किंवा तुम्हाला तिकडे बोलावतील. तोवर तुम्ही संशयित. हा शब्द त्याने जरा हळू उच्चारला. चहा घेतला आणि तो पुन्हा धुक्यात गेला. दिवा पुष्कळ वेळ दिसत राहिला.

मी अनेक वर्षं वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर काम केलं. अशा बातम्या तिथे रोज येतात. त्यांत फसवणारा 'अज्ञात' असतो आणि नंबर ज्याच्या नावावर असतो त्याच्याबद्दल बहुतेक वेळा एक ओळही नसते. त्या न लिहिलेल्या ओळीतलं माणूस आता माझ्यासमोर मेथीची माती झटकत होतं. सवयीप्रमाणे मी आधी ठाण्यात फोन करून जमादार खरा आहे का ते विचारलं. हल्ली हे विचारावं लागतं. व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून बसलेला माणूस तुम्हाला अटक झाल्याचं सांगतो आणि कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही. तशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. हा जमादार मात्र खरा निघाला.

ऊन वर आल्यावर धुकं विरळ झालं आणि आम्ही गोठ्यासमोरच्या बाजेवर बसलो. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत हे दूरसंचार खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतं. नंबर टाकायचा, आलेला ओटीपी टाकायचा. मी मावशीच्या फोनवरून ते केलं. पान हळूहळू उघडलं, शिवारात नेट असंच येतं, आणि तीन ओळी दिसल्या. मधले आकडे झाकलेले, पहिले आणि शेवटचे उघडे. प्रत्येकापुढे तीन पर्याय: हा नंबर माझा नाही, याची गरज नाही, याची गरज आहे.

पहिला नंबर मावशीच्या हातातला. तिसऱ्याचे शेवटचे आकडे जमादाराच्या कागदावरचे.

"अन् हा मधला?" मी विचारलं.

मावशीने डोळे बारीक करून पाहिलं. तिला लिहिता-वाचता येतं, पण आकडे ती चित्रासारखे ओळखते.

"हा त्या बाईचा," ती म्हणाली.

शेताच्या खालच्या अंगाला वस्ती आहे. पावसाळ्यात तिथली माणसं आमच्याकडे निंदणी-खुरपणीला येतात आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जातात. मग वस्तीत कुलपं, म्हातारी माणसं आणि कोंबड्या राहतात. ही बाई त्यांतली. वर्षानुवर्षं मावशीच्या बरोबरीने वाफ्यात बसलेली. तिच्या बोटांचे ठसे इतके झिजले होते की तिचं आधार कुठल्याच यंत्रावर जुळेना आणि सिम मिळेना. फडावर जायचं, घरी म्हातारी आई, मध्ये दोन जिल्हे. मावशीने तिला बाजारात नेलं आणि आपल्या अंगठ्यावर सिम काढून दिलं. या भागातल्या मळेवाल्यांनी असं कितीतरी जणांसाठी केलं आहे. कुणी मजुराला आपल्या नावाचं सिम देतं, कुणी गॅसचं पुस्तक. पेरणीला शेजाऱ्याला टोपलं द्यावं तसं. त्यात नाव दिलं असं कुणाला वाटत नाही.

"अन् तिसरा कोनाले देल्ला?" मावसाने विचारलं.

"कोनाले नाई."

"आठव."

तिला आठवायला वेळ लागला नाही. सिम सुरू झाल्याची तारीख जमादाराने सांगितली होती, आणि तो केनवडचा बाजाराचा दिवस होता. त्या पावसाळ्यात मावशीचा फोन पाण्याच्या टाक्यात पडला होता आणि सिम खराब झालं होतं. बाजारात मिरचीवाल्यांच्या ओळीशेजारी एक माणूस रंगीत छत्री उघडून टेबल टाकून बसे. नवं सिम, बदली सिम, सगळं तिथेच. त्याने आधार घेतलं, यंत्र पुढे केलं. मावशीने अंगठा लावला. तो म्हणाला, लागला नाही, परत लावा.

भेंडी तोडणाऱ्या बाईला यात नवल वाटत नाही. भेंडीची लव, मिरचीचा तिखटपणा, ओल्या मातीतलं खुरपं यांनी बोटांवरच्या रेषा पुसट होतात. रेशन दुकानात, बँकेत, सगळीकडे यंत्र त्यांना परत लावा म्हणतं. त्यावर या बायकांनी उपायही शोधलेला आहे: अंगठा भांगाजवळच्या केसांतून फिरवायचा, केसांचं तेल लागलं की ठसा उमटतो. मावशीने अंगठा केसांतून फिरवला आणि पुन्हा दाबला. खरं तर अंगठा पहिल्यांदाच लागला होता. दुसऱ्यांदा लावला त्यावर आणखी एक सिम निघालं आणि छत्रीवाल्याच्या खिशात गेलं.

"सोपं हाये मंग," मावसा म्हणाला. "दोन्हीवर मन, माझा नंबर नाई. एक गेला काय अन् दोन गेले काय."

मी दोघांना कायदा सांगितला. दुसऱ्याची ओळख फसवून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. फोन किंवा संगणकावरून आपण दुसरेच कोणी आहोत असं भासवून ठकवणं ६६ डी खाली येतं. दोन्हीला तीन वर्षांपर्यंत कैद. तक्रार संकेतस्थळावर करता येते, हेल्पलाइनवर करता येते, आणि गुन्हा कुठेही घडलेला असला तरी जवळचं ठाणं ती नाकारू शकत नाही. छत्रीवाल्याविरुद्ध मावशी फिर्याद देऊ शकत होती. पण मधल्या नंबराचं तसं नव्हतं. आपल्या नावाचं सिम दुसऱ्याच्या हाती असेल आणि त्यावरून काही घडलं तर विचारणा आपल्याकडेच होते. तो नंबर स्वतः दिला असं सांगितलं, तर साहजिकच पुढचा प्रश्न येणार: एक दिला, मग दुसरा दिला नसेल कशावरून? आणि तो माझा नाही असं दाबलं, तर फडावरचा फोन काही दिवसांत मुका होणार, आणि पोलिसांनी चौकशी केलीच तर ती त्या बाईपर्यंत जाणार.

"म्हंजे खरं बोलली तं मी फसतो अन् खोटं बोलली तं थे," मावशी म्हणाली. इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना कधी कधी असं पुरुषी क्रियापद वापरतात.

"असंच," मी म्हणाले.

"तुह्या पेपरात याले काय मनते?"

मी फोन तिच्या हातात परत दिला.

वाशीमला जायला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत मावशीचं काम नेहमीसारखं चाललं, फक्त ती मधूनच थांबायची. सकाळी जुड्या बांधताना तिने मला एक स्वप्न सांगितलं. मोठं पाणी होतं, तलाव नव्हे, पलीकडचा काठ न दिसणारं. मावशीने समुद्र कधी पाहिलेला नाही. काठावर तिच्याच तोंडवळ्याची एक बाई सांबाराच्या जुड्या घेऊन बसली होती. लोक येत, तिला मावशीच्या नावाने हाक मारत आणि काही न घेता पुढे जात. ती त्यांना काही सांगत होती, पण भाषा वेगळी होती.

"मले तिचा राग नाई आला," मावशी म्हणाली. "तिच्या पायात चप्पल नोती. म्या मनलं, माय, माझ्या नावानं फिरून राह्यली तं निदान पायात तं घाल."

"ती कोणी बाई नाही, मावशी. एखादा माणूस खोलीत बसून फोन लावतो."

"मालूम हाये मले. सपन हाये थे."

पण त्यानंतर दिवसभर मलाही धुक्यात वाकलेल्या प्रत्येक पाठीत मावशी दिसत होती. एकीला हाक मारली तर दुसरीकडूनच ओ येई. थोड्या वेळाने मी हाका मारणं बंद केलं.

सायबर शाखा वाशीमच्या एका कार्यालयात मागच्या बाजूला होती. खिडकीबाहेर कडुलिंब, आत पंखा बंद, टेबलावर दोन संगणक. उपनिरीक्षक बाई होत्या, चाळिशीच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. मावशी हिरवं नऊवारी लुगडं नेसली होती, लग्नाकार्यातलं. मावसा बाहेर बाकावर बसला. आत जाताना तो तिला म्हणाला, "जास्त शानपना नको करू. इचारलं तेवढंच सांग."

मावशीने छत्रीवाल्याचं सगळं सांगितलं. उपनिरीक्षकांनी विचारलं, "यंत्राने दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा शंका नाही आली?"

मावशीने अंगठा टेबलावर ठेवला. उपनिरीक्षकांनी तो उजेडाकडे वळवून पाहिला. रेषा जवळपास नव्हत्याच. त्यांनी मान हलवली आणि लिहिलं.

मग त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. "तुमच्या नावावर तीन नंबर आहेत. एक तुमचा, एक हा गुन्ह्यातला. मधला कोणाचा?"

एवढंच विचारलं होतं. माझा नाही असं म्हटलं असतं तर तिथेच संपत होतं.

"मधला म्या देल्ला," मावशी म्हणाली.

पेन थांबलं. "कोणाला?"

"आमच्या वावरात येनाऱ्या बाईले. उसावर हाये आता."

"तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय सांगताय? तुम्ही स्वतःच्या नावावरचं सिम दुसऱ्याला देता. मग हे तिसरंही दिलं नसेल, असं मी वरती कशावरून लिहू? तिकडचे अधिकारी हेच विचारतील."

"तिनं मांगतलं होतं," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"तिनं मले मांगतलं, म्या देल्लं. यानं मांगतलंच नाई."

उपनिरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी टेबलावरच्या फोनवरून मधला नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. मावशीला बोलू नका म्हणून खूण केली. रिंग बराच वेळ वाजली. मागून आधी कोयत्यांचा आवाज आला, वाळलेल्या पाचटाची सळसळ, मग बाईचा.

"कोन?"

"पोलीस कार्यालयातून बोलतेय. हा फोन कोणाच्या नावावर आहे?"

"बाईच्या."

"कोणत्या बाईच्या?"

"आमच्या मेथीवाल्या बाईच्या. काहून? बाईले काई झालं काय?"

"तुम्ही हा फोन कशाला वापरता?"

"कायले मंजे? मायले फोन कराले. तुमी कोन्या ठेसनातून बोलून राह्यल्या? बाईले काई झालं असीन तं खरं सांगा वो. मी इथूनच गाडीत बसतो. मुकादम गेला चुलीत!"

मावशीला राहवलं नाही. "अवो, मले काई नाई झालं. पोलिसात बसली हाओ. अजून चहा नाई देल्ला यायनं."

पलीकडून एकदम: "माय वो! माझ्यामुळं का?"

"तुझ्यामुळं नाई. दुसऱ्यामुळं."

"मंग बंद करून टाका बाई माझा नंबर. तुमच्यावर काई नको."

"तू गप उस तोड. तुझी माय वाट पायते फोनची."

उपनिरीक्षकांनी फोन बंद केला आणि बेल दाबून चहा मागवला. मग कायदा त्यांनीच शांतपणे सांगितला. नंबर दिला ही चूक होती आणि तिची नोंद होईल. ती बाई परत आली की नंबर तिच्या स्वतःच्या नावावर करायचा, तोवर त्याची जबाबदारी मावशीची. ठसा जुळत नसेल तर हल्ली दुकानात समोर बसवून फोटो काढून सिम देता येतं, आधार केंद्रात डोळ्यांवरूनही ओळख पटवता येते. त्यासाठी दुसऱ्याचा अंगठा लागत नाही.

"जबाबदारी तुमची राहील, लिहू?"

"लिवा."

जबाबात दोन्ही गोष्टी आल्या, दिलेली आणि नेलेली, एकाखाली एक. तो पटेल की नाही ते उपनिरीक्षकांनी सांगितलं नाही. छत्रीवाल्याच्या यंत्राची नोंद कंपनीकडून मागवू, एवढंच म्हणाल्या. बाहेर आल्यावर मावसाने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

"सांगतलंस नं?"

"सांगतलं."

"बरं केलं," तो म्हणाला, आणि ऑटो बघायला पुढे गेला. त्याने असं का म्हटलं ते मला अजून उलगडलेलं नाही.

नंतरचे आठवडे नुसते वाट पाहण्याचे होते. फोन वाजला की मावशी आधी नंबर बघायची, मग चेहरा सरळ करून उचलायची. सांबाराला फूल आलं, वांग्यांवर कीड आली, ती दोन्हींना तोंड देत राहिली. वाशीमच्या बाजारात कुणीतरी मावसाला 'मास्तरवाले' म्हणून हाक मारली. त्या दिवशी तो जुड्या न विकता परत आला.

यंत्राची नोंद आली ती हिवाळा सरताना. त्या एका छत्रीखाली, त्या एका बाजारात, कितीतरी बायकांच्या आधारावर लागोपाठ दोन-दोन सिम निघालेली होती. एक बाईला मिळालेलं, दुसरं थोड्याच वेळाने. सगळ्या भाजीवाल्या किंवा मजूर. सगळ्यांचे ठसे पुसट. सायबर शाखेने एकेकीला बोलावलं, आणि त्यांतल्या बहुतेकींना आपल्या नावावर आणखी कोणी फिरत होतं हे तेव्हाच कळलं. छत्रीवाला सापडला. त्याच्यामागे जे होते त्यांचा तपास चालू आहे असं मला सांगितलं गेलं, आणि यापेक्षा जास्त मी लिहू शकत नाही. मावशीची फिर्याद नोंदवली गेली आणि तो तिसरा नंबर बंद झाला. दुसऱ्या राज्यातल्या ठाण्याने तिला साक्षीदार केलं आणि जबाब व्हिडिओवरून घेतला. ज्या मास्तरांना फसवलं होतं तेही त्या कॉलवर होते. त्यांची आणि मावशीची भाषा एक नव्हती. ते हात जोडून काही बोलले. मावशीनेही हात जोडले. मधल्या अधिकाऱ्याने सांगितलं की ते म्हणतात, तुमचा आवाज तो नाही, त्यांना खात्री आहे.

"त्यायले मना, पैशे भेटो तुमचे," मावशी म्हणाली.

उन्हाळ्यात वस्ती परत आली. कुलपं निघाली, चुली पेटल्या. मावशी त्या बाईला घेऊन वाशीमच्या दुकानात गेली. दुकानदाराने तिला पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली. ती इतकी अवघडली की डोळे मिटून तशीच उभी राहिली. मावशी हसता हसता काउंटरला टेकली. शेवटी जमलं. आकडे तेच राहिले, नाव तिचं आलं. बाहेर येऊन तिने पहिला फोन आईला लावला आणि दुसरा, हातभर अंतरावर उभ्या असलेल्या मावशीला.

"हालो बाई, मी बोलून राह्यली."

"कोन मी?" मावशीने फोनवरच विचारलं.

त्या बाईने आपलं पूर्ण नाव सांगितलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, भर रस्त्यात, मोठ्याने. एक ऑटोवाला वळून बघायला लागला.

आठवड्याने मी मावशीच्या फोनवर संकेतस्थळ पुन्हा उघडलं. दुपारची वेळ होती, शिवार उन्हात तरंगत होतं आणि पाटातलं पाणी दूरवर चमकत होतं. पडद्यावर एकच ओळ आली. मावशी खुरपं खाली ठेवून जवळ आली आणि वाकून बघत राहिली.

"बाकीच्या?"

"कोणी नाही आता."

"म्हंजे येवढीच मी?"

"एवढीच."

तिने पदराने तोंड पुसलं. "बरं हाये," म्हणाली, आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला गेली.